हद्द पोलिसांची, तक्रार आपली

बाळा, भालकीचं घर आवरून तू आणि सूनबाई उदगीरला राहायला येताय, याचा मला फार आनंद आहे. दुकानाची जागा, मुलांची शाळा हे तू बघशीलच. मी तुला एकाच गोष्टीविषयी सांगणार आहे, कारण तहसीलसमोर अर्जनवीस म्हणून बसत असताना बाहेरून आलेल्या माणसांच्या तोंडून मी तीच सर्वांत जास्त ऐकली. कर्नाटक-तेलंगणातून आलेला व्यापारी, डाळ मिलवरचा परप्रांतीय हमाल, पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकायला आलेली लांबच्या जिल्ह्यातली मुलगी, सगळ्यांचं म्हणणं फिरून तेच. ‘आपण इथले नाही, आपलं कोण ऐकणार? उलट आपल्यालाच कागद विचारतील. भाषाही धड येत नाही.’ चोरापेक्षा ठाण्याची पायरी त्यांना जड वाटते.

ही भीती उगाच आलेली नाही. या मुलखाने आधी निजामाच्या राजवटीत रझाकारांचा जुलूम सोसला आणि सप्टेंबर 1948 च्या पोलीस ॲक्शननंतर पुन्हा निरपराध माणसं होरपळली. पंडित सुंदरलाल समितीने ज्या जिल्ह्यांत सर्वांत जास्त हानी झाल्याचं नोंदवलं, त्यांत बीदर होता आणि उदगीर तेव्हा बीदर जिल्ह्यातच होतं. अंगावर गणवेश असलेल्या माणसाला टाळायची सवय घराघरांत तेव्हापासून मुरली. 1 नोव्हेंबर 1956 ला उदगीर मुंबई राज्यात आलं, भालकी आणि औराद म्हैसूर राज्यात गेले. सोयरीक, बाजार, शेतीभाती तशीच राहिली; ठाणी तेवढी दोन राज्यांची झाली. म्हणून सीमेवर राहणाऱ्याने काही गोष्टी पाठच करून ठेवायच्या असतात.

पहिली गोष्ट, हद्दीची. रेल्वेत पाकीट उदगीरच्या स्टेशनात मारलं की सीमेपलीकडे कमलनगरच्या पुढे, हे तुला कळणार नाही. ‘ते आमच्या हद्दीत नाही’ असं ऐकून माणसं परत फिरतात. तू फिरायचं नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, गुन्हा कुठेही घडलेला असो. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. ती नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवणं हे त्यांचं काम. धावत्या गाडीत काही झालं तर 139 ला फोन लाव आणि पुढच्या स्टेशनात रेल्वे पोलिसांकडे तक्रार दे. हद्द पोलिसांची असते, तक्रार आपली असते, एवढं मनाशी घट्ट धर.

दुसरी, ओळखीची. संकट आल्यावर ठाणं शोधायचं नाही. आल्या आठवड्यातच आपलं घर आणि दुकान उदगीर शहर ठाण्यात येतं की ग्रामीण ठाण्यात, ते विचारून घे. घरमालकाला भाडेकरूची माहिती ठाण्यात द्यायला सांग. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवरूनही ती देता येते. पुष्कळांना वाटतं, नाव दिलं की आपण नजरेत येऊ. मी उलटं सांगतो. ज्याचं नाव, मूळ गाव आणि धंदा आधीच नोंदलेला आहे, त्याच्यावर अनोळखी म्हणून संशय घेणं अवघड जातं. बीट अंमलदाराला एकदा भेट. पुढे खेड्यात माल विकायला जाशील तिथे पोलीस पाटलालाही रामराम घालत जा.

तिसरी, फोनची. 112 हा क्रमांक दोन्ही राज्यांत चालतो, पण सीमेच्या गावांत मोबाईल कधी कधी पलीकडचा टॉवर पकडतो. म्हणून फोन उचलला गेला की आधी राज्य, मग जिल्हा, तालुका, गाव आणि जवळची खूण सांगायची. काय झालं ते त्यानंतर. घाबरलेला माणूस नेमकं उलटं करतो. ऑनलाइन पैसे गेले तर 1930 वर लगेच कळव, उद्यावर ढकलू नको. सूनबाईंच्या फोनमध्ये 112 बरोबर 181 हा महिलांचा क्रमांकही टाकून ठेव.

चौथी, कागदाची, आणि ही सर्वांत मोठी. तोंडी सांगितलेलं हवेत जातं. तू बोलशील ते ठाण्यात मराठीत लिहिलं जाईल. ते वाचून दाखवायला सांग, समजल्याशिवाय सही करू नको. सूनबाई कानडीत विचार करतात. त्यांनी सरळ म्हणावं, मला हे समजेल असं सांगा. तारीख, वेळ, ठिकाण आणि गेलेल्या वस्तूंची यादी आपण घरूनच लिहून नेलेली बरी. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती तिथेच मागून घे. आणि हातात आलेला कागद एफआयआर आहे की एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, ते बघ. अदखलपात्र गुन्ह्यात मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. एनसीची पावती जपून ठेवून तपासाची वाट पाहत बसलेली माणसं मी खूप पाहिलीत. एफआयआर असेल तर तपास कुठवर आला हे 90 दिवसांत फिर्यादीला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे.

पाचवी, बोलावण्याची. साक्षीसाठी बोलावलं तर लेखी आदेश माग, आवाज न चढवता. बाईमाणसाला, 15 वर्षांखालच्या मुलाला आणि 60 वर्षांवरच्या माणसाला साक्षीसाठी ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही, त्यांचा जबाब राहत्या घरी घ्यावा लागतो. अपवादाची परिस्थिती सोडली तर सूर्यास्तानंतर बाईला अटक करता येत नाही. कुणालाही अटक झाली तर नातेवाइकाला कळवणं, वकिलाला भेटू देणं आणि 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करणं बंधनकारक आहे.

सहावी, रस्त्याची. तुझ्या गाडीवर केए 38 आहे. बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवणार असशील तर बीदरच्या आरटीओचा ना-हरकत दाखला घेऊन इथला नंबर करून घे. दंड भरलास तर पावती घे. हाळी-हंडरगुळीच्या बाजारातून जनावर घेतलंस तर खरेदीची पावती आणि डॉक्टरांचा दाखला सोबत असल्याशिवाय ते गाडीत चढवू नको. दोन्ही राज्यांत गोवंशाचे कायदे कडक आहेत. रस्त्यात जमावाने अडवलं तर हुज्जत न घालता 112 लाव, कागद पोलिसांनाच दाखव. पलीकडची दारू मात्र कुणाच्या भिडेखातरही आणायची नाही. आणि परदेशी पासपोर्टवरचा पाहुणा मुक्कामाला येणार असेल, तर ते 24 तासांत पोलिसांना ऑनलाइन कळवायचं असतं, लॉजवाल्यालाही आणि घरमालकालाही.

सातवी, नाही म्हटलं तर काय. ठाण्यात फिर्याद घेतली नाही तर भांडू नको. तीच हकीकत लिहून लातूरला पोलीस अधीक्षकांकडे रजिस्टर पोस्टाने पाठव, पोच जपून ठेव. तरीही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. ज्याच्यामागे गावातली चार माणसं उभी आहेत, त्याला ते परवडतं. परमुलखातल्या माणसामागे कायदाच उभा असतो, त्याने ती पायरी ओळखीची करून घ्यावी.

आणि बाळा, पोलीसही माणसं आहेत. सणात, यात्रेत, निवडणुकीत रात्र रात्र उभी राहतात. त्यांच्याशी खरं बोल, थोडक्यात बोल, आदराने बोल. ओळखीच्या पुढाऱ्याचं नाव सांगू नको. आज ते उपयोगी पडलं तर उद्या दुसऱ्याचा पुढारी तुझ्याविरुद्ध उपयोगी पडेल.

तू इथे रुजलास की तुझ्या शेजारी नवा कुणी येईल; बिहारचा, तेलंगणाचा, नाहीतर आपल्याच बीदरकडचा. त्याच्यावर वेळ आली तर त्याला ठाण्यात एकटं पाठवू नको. सोबत जा, त्याची भाषा येत असेल तर दुभाषा हो, साक्षीला नाव लागलं तर तुझं दे.