अपराध आणि दंड : क्रिकेटातील एका प्रकरणाचा अभ्यास

खेळातील हारजीत चार दिवसांत विसरली जाते. परंतु खेळाडूच्या नावाला लागलेला बट्टा सहजासहजी धुतला जात नाही. म्हणून एखाद्या खेळाडूस शिक्षा झाली म्हणजे ती न्याय्य होती की नाही, हा प्रश्न केवळ करमणुकीचा राहत नाही. या विषयावर आमचे विद्यार्थी मधल्या सुट्टीत तावातावाने वाद घालताना दिसतात. वाद घालणे वाईट नाही. मात्र तो कोणत्या पायऱ्यांनी घालावा हे ठाऊक नसेल तर आवाज तेवढा वाढतो, समज वाढत नाही. त्या पायऱ्या एका प्रत्यक्ष उदाहरणावरून दाखवाव्या, असा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम मूळ गोष्ट पाहू. आपल्या दौंड तालुक्यातील ऊस पिकविणाऱ्या घरांतील मुलांना वजनकाट्याचे महत्त्व सांगावयास नको. घेणारा आणि देणारा या दोघांचाही काट्यावर विश्वास असतो, म्हणूनच व्यवहार चालतो. आणि म्हणूनच ‘काटा मारणे’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत फसवणुकीचा पर्याय होऊन बसला आहे. क्रिकेटमध्ये चेंडूचे स्थान असेच आहे. तो दोन्ही पक्षांचा सामाईक असतो. चेंडूची एक बाजू गुळगुळीत व दुसरी खरबरीत झाली म्हणजे दोन्ही बाजूंवरून वाहणारी हवा सारखी वाहत नाही, आणि चेंडू हवेतच वळतो. शिवण उचललेली असेल तर टप्पा पडल्यावर तो अधिक वळण्याचा संभव असतो. खेळता खेळता चेंडू झिजणे हा खेळाचाच भाग होय. पण नखाने, खड्याने वा अन्य पदार्थाने तो मुद्दाम बिघडविणे हा काटा मारण्यासारखाच अपराध आहे. नियमाने चेंडू कपड्यावर घासून चकचकीत करण्याची मुभा आहे. त्याला लागलेली माती काढण्याचीही मुभा आहे, पण ती पंचांच्या देखरेखीखाली.

आता प्रकरण पाहू. नोव्हेंबर 2001 मध्ये भारतीय संघ दक्षिण आफ्रिकेत पोर्ट एलिझाबेथ येथे दुसरा कसोटी सामना खेळत होता. मुंबईचे सचिन तेंडुलकर गोलंदाजी करीत असता चेंडूच्या शिवणीवरून बोट फिरवीत असल्याची दृश्ये दूरचित्रवाणीवर दिसली. सामनाधिकारी माइक डेनेस हे इंग्लंडचे माजी कर्णधार होते. त्यांनी तेंडुलकरांना सामन्याच्या मानधनाच्या 75 टक्के दंड केला आणि एका कसोटीची बंदी सुनावून ती स्थगित ठेवली. त्याच वेळी आणखी पाच भारतीय खेळाडूंना शिक्षा झाल्या. वीरेंद्र सेहवाग यांना अतिरेकी अपिलाबद्दल एका कसोटीची प्रत्यक्ष बंदी मिळाली. हरभजन सिंग, शिव सुंदर दास व दीप दासगुप्ता यांना त्याच कारणास्तव स्थगित बंदी मिळाली. आणि संघाला आवर घातला नाही म्हणून कर्णधार सौरव गांगुली यांनाही स्थगित बंदी झाली.

देशात संतापाची लाट उसळली. डेनेस यांच्या प्रतिमा जाळण्यात आल्या आणि संसदेतही पडसाद उमटले. भारतीय नियामक मंडळाचे अध्यक्ष जगमोहन दालमिया यांनी डेनेस यांना पुढील सामन्यातून दूर करण्याची मागणी केली. दक्षिण आफ्रिकेच्या मंडळाने सेंच्युरियन येथील तिसऱ्या सामन्यासाठी डेनिस लिंडसे यांना नेमले. तेव्हा आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने त्या सामन्याचा कसोटीचा दर्जाच काढून घेतला. डिसेंबरमध्ये मोहाली येथील इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत अखेर सेहवाग यांना बाहेर बसावे लागले.

यातील न्याय-अन्याय कसा ठरवावा? आमच्या मते कोणत्याही शिक्षेला पाच प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : नियम आधी ठाऊक होता काय? गावोगाव मुले टेनिसच्या चेंडूच्या एका बाजूस चिकटपट्टी लावून तो वळवितात. तेथे तसा निर्बंधच नसल्यामुळे तो अपराध ठरत नाही. तेंडुलकरांच्या बाबतीत मात्र नियम लिखित होता. शिवणीत अडकलेले गवत आपण काढीत होतो, असे त्यांच्या बाजूने सांगण्यात आले; ते खरे मानले तरी पंचांना दाखवून ते काढावयास हवे होते. एवढा दोष मान्य करणे प्राप्त आहे.

दुसरा प्रश्न : पुरावा तपासला गेला काय? येथे बाजू कमकुवत दिसते. चेंडू बिघडविल्याचे आढळल्यास पंचांनी तो बदलावा व फलंदाजी करणाऱ्या पक्षास 5 धावा द्याव्यात, अशी नियमात तरतूद होती. मैदानावरील पंचांनी यापैकी काहीही केले नाही, तक्रारही केली नाही. आरोप सामनाधिकाऱ्यांनी चित्रांवरून स्वतःच उभा केला. डेनेस यांच्या बाजूने असे म्हणता येईल की, पंचांच्या दृष्टीस सर्वच पडते असे नाही, आणि चित्र दिसत असता डोळे मिटणे हेही कर्तव्यच्युती ठरले असते. हे म्हणणे रास्त आहे. परंतु चित्रात बोटाची हालचाल दिसते, मनातील हेतू दिसत नाही.

तिसरा प्रश्न : शिक्षा कृत्याच्या मानाने होती काय? पुढे परिषदेनेच खुलासा केला की, तेंडुलकरांचा दोष पंचांच्या देखरेखीवाचून चेंडू साफ केल्याचा होता, फसवणुकीचा नव्हे. वास्तविक या दोन दोषांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. याच्या उलट उदाहरण 2018 च्या मार्चमधील केपटाउनचे. तेथे ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंनी खरकागद वापरून चेंडू घासण्याचा बेत आधी रचला होता. आंतरराष्ट्रीय परिषदेने कर्णधार स्टीव्ह स्मिथ यांना एका सामन्याची बंदी दिली; त्यांच्या स्वतःच्या मंडळाने मात्र स्मिथ व डेव्हिड वॉर्नर यांना 12 महिने आणि कॅमेरॉन बँक्रॉफ्ट यांना 9 महिने दूर ठेवले. हेतू, पूर्वयोजना आणि पदाची जबाबदारी यांनी अपराधाचे वजन वाढते, हे यावरून ध्यानात येईल.

चौथा प्रश्न : सर्वांना एकच माप लावले काय? त्याच सामन्यात दक्षिण आफ्रिकेच्या खेळाडूंनीही जोरदार अपिले केली असता शिक्षा मात्र एकाच संघाला झाली, हा टीकाकारांचा मुख्य आक्षेप होता. शिक्षा एकेकटी योग्य असूनही माप दुहेरी असेल, तर ती अन्यायाचीच वाटते. पण हाच प्रश्न आपण स्वतःलाही विचारावा. जानेवारी 2004 मध्ये ब्रिस्बेन येथे राहुल द्रविड यांनी तोंडातील गोळीचा अंश चेंडूला लावल्याचे चित्रात दिसले, आणि सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी त्यांना मानधनाच्या 50 टक्के दंड केला. द्रविड हे मराठी घरातील आणि सचोटीबद्दल प्रसिद्ध. म्हणून आपण ‘नकळत झाले असेल’ असे सहज म्हणतो. तेच कृत्य परक्या खेळाडूने केले असते तर आपल्या तोंडून हेच शब्द निघाले असते काय?

पाचवा प्रश्न : वर दाद मागण्याची वाट होती काय? 2001 मध्ये सामनाधिकाऱ्यांचा शब्द अखेरचा होता, आणि अशा व्यवस्थेत असंतोषाला रस्त्यावर उतरण्यावाचून मार्ग उरत नाही. पुढे ही वाट झाली. पोर्ट एलिझाबेथच्या सहा जणांपैकी हरभजन सिंग यांना 2008 साली सिडनी येथील प्रकरणात तीन कसोटींची बंदी झाली, तेव्हा न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांच्यापुढे अपील चालले. साक्षीपुरावा झाला, वांशिक निंदेचा आरोप सिद्ध झाला नाही, बंदी उठली, आणि लहान दोषाबद्दल दंड कायम झाला. तंट्याचे उत्तर सुनावणीत मिळाले, पुतळे जाळून नव्हे.

अन्य खेळांतही हेच प्रश्न उभे राहतात. जानेवारी 2015 मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या एका महत्त्वाच्या सामन्यात न्यू इंग्लंड पेट्रियट्स या संघाच्या चेंडूंत ठरलेल्या दाबापेक्षा कमी हवा आढळली. थंडीने हवेचा दाब आपोआप उतरतो, हे पदार्थविज्ञान शिकणारा विद्यार्थी जाणतो. म्हणून किती घट थंडीची व किती माणसाच्या हाताची, यावरच मोठा वाद माजला. संघनायक टॉम ब्रेडी यांना चार सामन्यांची बंदी झाली. एका न्यायाधीशाने, अशा शिक्षेची पूर्वकल्पना खेळाडूस नव्हती या मुद्द्यावर, ती रद्द केली. वरच्या न्यायालयाने 2016 मध्ये, करारान्वये आयुक्तांना तो अधिकार आहे असे ठरवून, ती पुन्हा कायम केली. शिक्षा करण्याचा अधिकार असणे आणि शिक्षा न्याय्य असणे हे दोन भिन्न प्रश्न आहेत, हा या निकालातील धडा होय.

अखेर निषेधाच्या रीतीविषयी. 2006 साली ओव्हल येथे चेंडू बिघडविल्याच्या ठपक्याने रागावून पाकिस्तानचा संघ वेळेवर मैदानात उतरला नाही, आणि सामना गमावला. पुढील सुनावणीत कर्णधार इंझमाम-उल-हक यांच्यावरील चेंडूचा आरोप टिकला नाही. खेळास कमीपणा आणल्याबद्दल मात्र चार सामन्यांची बंदी झाली. मूळ तक्रार खरी असूनही रीत चुकल्याने दोष पदरी येतो. सेंच्युरियनलाही तेच झाले. ज्यांचा या वादाशी काडीचाही संबंध नव्हता, अशा दोन्ही संघांतील खेळाडूंच्या त्या सामन्यातील धावा व बळी कसोटीच्या हिशेबातून गेले.

तात्पर्य, आमच्या मते तेंडुलकरांचा दोष लहान होता, त्याला दिलेले नाव मोठे होते, आणि त्यावर दाद मागावयास दार नव्हते. म्हणून तो निर्णय न्यायाच्या कसोटीस उतरत नाही. पण हा आमचा निकाल विद्यार्थ्यांनी पाठ करावा असे नाही. वरील पाच प्रश्न घेऊन त्यांनी स्वतः तो तपासावा, आणि तपासताना खेळाडूंची नावे अदलाबदल करून पाहावीत. आपल्या माणसाच्या जागी परका ठेवूनही उत्तर तेच आले, तर ते उत्तर न्यायाचे समजावे. बदलले, तर काटा आपल्याच हातात हलला असे जाणावे.