जुन्या इंजेक्शन गाडीचे टायमिंग कसे तपासावे?

कार्बोरेटरच्या गाड्यांवर हात बसलेले कारागीर कानाने टायमिंग लावतात. इंजेक्शनच्या गाडीत ही सवय महागात पडते. १ एप्रिल २००० पासून देशभर ‘भारत २०००’ ही प्रदूषण मानके लागू झाली आणि त्या सुमारास इंजेक्शनच्या मोटारी वाढल्या. त्यांपैकी डिस्ट्रिब्युटर असलेल्या जुन्या गाड्यांसाठी ही माहिती आहे.

या गाडीत ठिणगी केव्हा पडावी हे ईसीएम, म्हणजे गाडीतला छोटा संगणक, क्षणोक्षणी ठरवतो. त्याला न रोखता लाइट लावली तर त्याने बदललेले टायमिंग दिसते, मूळचे नाही. तेच चूक समजून डिस्ट्रिब्युटर फिरवला की बरोबर असलेली गाडी बिघडते.

तपासणीचा क्रम असा ठेवावा :

१) इंजिन पूर्ण गरम करावे. एसी व दिवे बंद ठेवावेत. रेडिएटरचा पंखा थांबल्यावरच आकडा घ्यावा. हा पंखा आपोआप सुरू होतो, म्हणून हात व सैल कपडे दूर ठेवावेत.

२) पुलीवरची खूण पुसून खडूने ठळक करावी. टायमिंग लाइटच्या वायरी बॅटरीला आणि क्लॅम्प एक नंबर सिलिंडरच्या प्लग वायरला लावावा.

३) कंपनीच्या पुस्तकात दाखवलेली टेस्टची टोके वायरने जोडावीत. म्हणजे मूळ टायमिंग स्थिर राहते. अंदाजाने टोके जोडू नयेत; ईसीएम जळू शकतो.

४) आता खूण पाहावी. अनेक जपानी बनावटीच्या इंजिनांत ती टीडीसीच्या आधी ५ ते १० अंशांवर असते. पण आपल्या गाडीच्या पुस्तकातला आकडाच खरा मानावा.

५) फरक असल्यास डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करून किंचित फिरवावा, आवळावा आणि पुन्हा पाहावे. शेवटपर्यंत फिरवूनही आकडा येत नसेल, तर टायमिंग बेल्टचा दात सरकला आहे का ते तपासावे.

६) जोडलेली वायर काढून अ‍ॅक्सिलरेटर द्यावा. खूण पुढे सरकली पाहिजे. न सरकल्यास दोष सेन्सर, वायरिंग किंवा ईसीएममध्ये शोधावा.

ठिणगी उशिरा पडली तर पिकअप व अ‍ॅव्हरेज घटते; फार लवकर पडली तर नॉकिंग होऊन पिस्टनला धोका. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा गरम हवेत भरलेली गाडी अधिकच खटखटते. म्हणून आधीचा व नंतरचा आकडा बिलावर लिहून द्यावा. गिऱ्हाइकाचा विश्वास वाढतो आणि पुढच्या वेळी आपलेही काम सोपे होते.