चार रंगांचं पोस्टर: ठिपके ताब्यात कसे ठेवाल?

मंडळाचं रंगीत पोस्टर घरीच स्क्रीन प्रिंटिंगने छापायचंय ना? मग बाह्या सरसावा. 120 टी जाळीच्या चार फ्रेम आणि चार प्रोसेस शाया टेबलावर हव्यात.

1. कागद आदल्या रात्रीच छापायच्या खोलीत मोकळा करून ठेवा. सांताक्रूझ वेधशाळेचा पावसाळ्यातला आर्द्रतेचा आकडा तुम्ही ऐकताच; दमट हवेत कागद फुगतो नि पुढच्या रंगाचा ठिपका जागेवर बसत नाही.

2. फोटोशॉपमध्ये फोटो छपाईच्या मापाचा करा, इंचाला 150 पिक्सेल. व्हॉट्सअॅपवरून आलेला ताणू नका.

3. मोड सीएमवायके करा.

4. कर्व्हमध्ये 50 टक्के 40 वर आणा. फोटो धुतल्यासारखा दिसेल, दिसू द्या. कागदावर शाई पसरून ठिपका फुगणारच आहे.

5. चित्राबाहेर चारही कोपऱ्यांत रजिस्ट्रेशनची फुली काढा, चारही रंगांत 100 टक्के. एका रंगात जरी राहिली, तरी तो रंग अंदाजाने जुळवत बसाल.

6. लेयर फ्लॅटन करा.

7. ‘स्प्लिट चॅनल्स’ दाबा. चार काळ्या-पांढऱ्या फाइली मिळतील.

8. प्रत्येक फाइल बिटमॅप करा: 600 डीपीआय, हाफटोन स्क्रीन, इंचाला 60 ओळी, लंबगोल ठिपका. आणि कोन? सायन 22.5, काळा 52.5, मॅजेंटा 82.5, पिवळा 7.5. हे आकडे भिंतीवर चिकटवा! ऑफसेटवाला 15, 45, 75 आणि 0 सांगेल. त्याच्या मशीनवर ते बरोबर, पण आपल्या जाळीचे धागेच 0 आणि 90 वर असतात, म्हणून सगळे साडेसात अंशांनी सरकवले. तीन गडद रंगांत 30 अंशांचं अंतर सुटलं, की चेहऱ्यावर लाटा उठतात. पिवळा मात्र इतका फिका, की त्याची खोडी कुणाला दिसत नाही.

9. चारही फिल्म एकाच बैठकीत लेझरवर काढा. झेरॉक्सवाल्याला ‘फिट टू पेज’ बंद करायला सांगा, नाहीतर ठिपक्यांचं माप बिघडतं. दोन आज, दोन उद्या असंही नको. उष्णतेने फिल्म कमी-जास्त आखडते.

10. चारही फिल्म एकावर एक ठेवून खिडकीला धरा. भिंगातून बारीक फुलं दिसली, तर उत्तम. लांबून ठळक चौकड्या दिसल्या, तर परत आठव्या पायरीवर.

11. फ्रेमना इमल्शन लावून अंधारात वाळवा. ओलसर राहिलं तर धुताना सगळंच निघून येतं.

12. फिल्म काचेखाली घट्ट दाबून एक्सपोज करा. फट राहिली, की आत उजेड शिरतो आणि नाजूक ठिपके गळतात.

13. स्क्रीन पाण्याने धुऊन वाळवा.

14. पिवळा छापा. स्क्विजी एकदाच ओढा. दुसऱ्यांदा ओढलीत, की ठिपके जुळे होतात.

15. पूर्ण वाळू द्या.

16. फुलीवर फुली जुळवून मॅजेंटा, मग सायन, शेवटी काळा छापा, प्रत्येक वेळी मधे वाळवून. काळ्याला हात हलका ठेवा.