मानवी शरीरातील स्नायू : प्रकार आणि कार्ये

आपण चालतो, बोलतो, ओझे उचलतो, घास चावतो. ही सर्व कामे स्नायूंमुळे होतात. हाडांना जोडलेले सहाशेहून अधिक स्नायू आपल्या शरीरात आहेत. प्रौढ माणसाच्या वजनाचा साधारणपणे ३० ते ४० टक्के भाग या स्नायूंचा असतो. मांडीवरून तिरका जाणारा स्नायू सर्वांत लांब, तर कानातील रिकिबीच्या हाडाला जोडलेला स्नायू सर्वांत लहान आहे. स्नायूंचे मुख्य प्रकार तीन.

१) ऐच्छिक स्नायू : हे आपल्या इच्छेनुसार हलतात. कंडरा नावाच्या चिवट दोऱ्यांनी ते हाडांना बांधलेले असतात. स्नायू फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही. म्हणून ते जोडीने काम करतात. दंडाच्या पुढच्या बाजूचा स्नायू आकुंचन पावला की कोपर वाकते, मागचा आकुंचन पावला की हात सरळ होतो. हातगाडी ढकलतानाही मागचा स्नायू हाड ओढतच असतो. स्नायूच्या आत ॲक्टिन व मायोसिन या प्रथिनांचे बारीक तंतू असतात. ते एकमेकांवरून सरकतात आणि स्नायू आखूड होतो, असा सिद्धांत शास्त्रज्ञांच्या दोन गटांनी १९५४ साली मांडला. हे स्नायू बलवान असतात, पण थकतात.

२) अनैच्छिक स्नायू : जठर, आतडी, रक्तवाहिन्या, मूत्राशय, गर्भाशय यांच्या भित्तिकांत हे असतात. गिळलेला घास पुढे सरकवणे, बाळंतपणात बाळाला बाहेर ढकलणे ही कामे ते करतात. ते सावकाश पण न थकता चालतात. दम्यात श्वासनलिकांभोवतीचे हेच स्नायू आवळले जातात.

३) हृदयाचे स्नायू : हे फक्त हृदयातच असतात. मिनिटाला ७२ ठोके धरले तरी दिवसाला एक लाखाहून अधिक ठोके होतात. दोन ठोक्यांमधला क्षण हीच त्यांची विश्रांती. त्यांना रक्त पुरवणारी वाहिनी बंद पडली तर तो भाग मरू लागतो. हातापायाचा दुखावलेला स्नायू बऱ्याच अंशी भरून येतो. हृदयाचा मेलेला भाग मात्र पुन्हा पूर्ववत होत नाही, तेथे व्रण राहतो. म्हणून छातीत दाबल्यासारखे दुखणे, घाम फुटणे, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ जाणे याला ‘गॅस’ समजून घरी थांबू नये. ताबडतोब रुग्णालय गाठावे. येथे प्रत्येक मिनिट मोलाचे आहे.

हालचालीखेरीज स्नायूंची इतरही कार्ये आहेत. ते शरीराचा तोल सांभाळतात व उष्णता निर्माण करतात. थंडीत कापरे भरते ते त्यामुळेच. पोटऱ्यांचे स्नायू पायातील रक्त वर हृदयाकडे ढकलतात. जेवणानंतर रक्तातील साखरेचा मोठा वाटा स्नायू घेतात. म्हणून मधुमेही व्यक्तीला चालणे हितकारक ठरते.

“आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला व्यायाम कशाला?” असे आपल्याकडे अनेक जण म्हणतात. परंतु रोजच्या एकाच कामात ठरावीक स्नायू झिजेपर्यंत वापरले जातात आणि इतर तसेच राहतात. दिवसभर यंत्रापुढे उभे राहणाऱ्याची पाठ भरून येते, पण पाठीला आधार देणारे पोटाचे स्नायू दुबळेच असतात. वापर थांबला की स्नायू रोडावतात. आजारात अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाचे पाय थोड्याच दिवसांत लटपटतात, ते यामुळे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम सुचवले आहेत. त्यासाठी व्यायामशाळाच हवी असे नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, जिने चढणे, भिंतीला हात टेकून दंड काढणे हे घरीही जमते. हृदयविकार किंवा सांध्यांचे दुखणे असल्यास डॉक्टरांना विचारून सुरुवात करावी. आहारात डाळ, कडधान्ये, दूध, अंडी, मासे यांपैकी परवडेल ते रोज असावे आणि रात्रीची झोप पुरेशी घ्यावी.

हातापायांचे स्नायू आपल्या आज्ञेत आहेत, हृदयाचे नाहीत. पण जे आज्ञेत आहेत त्यांना आपण नियमाने चालवले, तर जे आज्ञेत नाहीत त्यांचाही भार हलका होतो. घरातील लहानथोर सर्वांनी ही सवय आजपासूनच लावून घ्यावी.