धम्मपदातील नाव आणि विद्यार्थ्यांची होडी

धम्मपदाच्या भिक्खुवग्गात, ३६९ व्या गाथेत, भगवान बुद्ध भिक्खूला नाव उपसायला सांगतात. उपसलेली नाव हलकी होते. पुढे राग-द्वेष तोडण्याचा उपदेश आहे.

जुनी लाकडी होडी दुरुस्त करणाऱ्या विद्यार्थ्यांना ही गाथा हातांनी कळते. उन्हात पडून फळ्या आक्रसतात, सांधे उघडतात. मुले तेथे कडक लांबी ठासतात. पाण्यात फळ्या फुगल्या की तीच लांबी त्यांना फाकवते, खिळे सैल होतात. दाभण सहज आत शिरेल ती फळी कुजलेली, ती बदलावीच. सांध्यांत कापसाचा पीळ बेताने बसवावा. होडी प्रथम गळणारच. काठाशी बांधून उपसत राहावे. लाकूड फुगून बारीक फटी आपोआप मिटतात. एवढा धीर मुलांना नसतो, रंगाचा डबा मात्र पहिल्याच दिवशी उघडलेला असतो!