सावे नगरी आणि आपले दप्तर



इतिहासाच्या उत्तरपत्रिकांत एक वाक्य हमखास वाचायला मिळते : "गोव्यावर पोर्तुगीजांनी साडेचारशे वर्षे राज्य केले." तिसवाडीपुरते ते बरोबर आहे. पण आपली डिचोली पोर्तुगीजांच्या हाती गेली इ.स. १७८१ मध्ये आणि पेडणे इ.स. १७८८ मध्ये. म्हणजे पेडण्यात त्यांचे राज्य १७३ वर्षे होते. मग त्याआधी आपल्या गावांचा कारभार कोण पाहत होते, आणि कोणत्या भाषेत? या प्रश्नाचा एक धागा थेट इराणमधील एका जुन्या शहरापर्यंत जातो. त्या शहराचे नाव सावे. जुन्या ग्रंथांत ते 'सावा' असेही येते.

नकाशात तेहरान शोधा. त्याच्या नैर्ऋत्येला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर सावे आहे. इस्लामच्या आधीपासून हे काफिल्यांच्या मुक्कामाचे ठिकाण होते. हमादान, कुम, रय अशा शहरांकडे जाणाऱ्या वाटा येथून जात. आज हे शहर इराणमध्ये डाळिंबांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील मैदान मशिदीच्या मिनारावर इ.स. १०६१ चा आणि जामा मशिदीच्या मिनारावर इ.स. १११० चा लेख आहे. विटा वेगवेगळ्या कोनांत बसवून केलेली नक्षी पाहण्यासाठी जाणकार लोक तेथे मुद्दाम जातात.

या शहराचे सर्वांत मोठे धन मात्र विटांचे नव्हते. याकूत नावाच्या त्या काळच्या भूगोलकाराने लिहिले आहे की साव्यात एक ग्रंथालय होते, आणि त्याहून मोठे जगात नव्हते. इ.स. १२२० मध्ये मंगोल सैन्याने शहर लुटले, माणसे मारली आणि ते ग्रंथालय जाळले. त्यात कोणते ग्रंथ होते, त्याची यादीसुद्धा उरली नाही. शहर पुन्हा उभे राहिले. त्याच शतकात तेथून गेल्याचे सांगणारा व्हेनिसचा प्रवासी मार्को पोलो लिहितो की येशूच्या जन्मानंतर त्याच्या दर्शनाला गेलेले पूर्वेकडचे तीन राजे याच शहरातून निघाले आणि त्यांच्या कबरी येथेच आहेत. आपल्यापैकी जे ६ जानेवारीला बार्देशात रेईश मागूशचे फेस्त पाहायला जातात, त्यांनी राजांच्या पोशाखातली तीन मुले पाहिलीच असतील. ते हेच तीन राजे. 'रेईश मागूश' या पोर्तुगीज नावाचा अर्थच तो. त्या टेकडीवरचा किल्ला पोर्तुगीजांनी इ.स. १५५१ मध्ये बांधला, आणि त्याआधी तेथे आदिलशहाची चौकी होती. योगायोग असा की आदिलशाहीचा संस्थापकही साव्याचाच म्हणवला जाई.

यूसुफ आदिलखान हे त्याचे नाव. विजापूरच्या दरबारात राहून इतिहास लिहिणारा फिरिश्ता सांगतो की यूसुफ हा तुर्की सुलतानाचा मुलगा, जीव वाचवण्यासाठी त्याला लहानपणी साव्यात आणून वाढवले. राजपुत्र असल्याची ही गोष्ट पुष्कळ इतिहासकार मान्य करीत नाहीत. नव्या राजघराण्याला मोठी वंशावळ लागतेच, हे आपण इतरत्रही पाहतो. साव्याचा संबंध मात्र त्याच्या नावाला चिकटून राहिला. तो दख्खनला आला तेव्हा बहमनी राज्यात महमूद गवान या इराणी वजिराचा जोर होता. गवान कास्पियन समुद्राकाठच्या गीलान प्रांतातला, मूळचा व्यापारी. इ.स. १४७२ मध्ये त्याने विजयनगरकडून गोवा घेतला. कारण उघड होते. इराणच्या आखातातील होर्मुझ बंदराहून घोडे गोव्यात उतरत, आणि घोड्याशिवाय लढाई नव्हती. बहमनी राज्य मोडल्यावर गोवा यूसुफकडे आला.

पणजीच्या मांडवीकाठचा आदिलशहाचा राजवाडा, म्हणजे जुने सचिवालय, तुम्ही सर्वांनी पाहिले आहे. इ.स. १५१० मध्ये आफोन्सो द आल्बुकेर्कने गोवा घेतला. पोर्तुगीज बखरकार आदिलखानाला 'इदालकांव' म्हणत, आणि दुसरे नाव वापरत 'साबायो'. साबायो म्हणजे सावाई, साव्याचा माणूस. जुन्या गोव्यात से कॅथेड्रलजवळच्या चौकाला पोर्तुगीज लोक कितीतरी काळ 'साबायोचे मैदान' म्हणत होते. (फोंडा तालुक्यातील सावईवेरे गावाशी मात्र कोणी याचा संबंध जोडू नये. नुसत्या आवाजाच्या साम्यावरून इतिहास होत नाही.)

पोर्तुगीजांनी तिसवाडी घेतली, इ.स. १५४३ मध्ये बार्देश आणि सासष्टी घेतली. पेडणे आणि डिचोली मात्र विजापूरकडेच राहिली. पुढे मराठ्यांचा आणि वाडीकर सावंत-भोसल्यांचा अंमल आला. म्हणून बार्देशात आणि आपल्याकडे जुन्या कागदांची भाषा वेगळी दिसते. आदिलशाहीत दरबाराची भाषा फारसी होती. पण इब्राहिम आदिलशहाने, म्हणजे यूसुफच्या नातवाने, सोळाव्या शतकात महसुलाचे हिशेब फारसीऐवजी देशी भाषेत ठेवायला लावले आणि त्यासाठी येथलेच कारकून नेमले. लिपी मोडी, वाक्य मराठी, आणि शब्द मात्र अर्धे दरबारातले. छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश तयार करवून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. काही रुळले, पुष्कळ रुळले नाहीत. 'फडणीस', 'चिटणीस' यांतला 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', लिहिणारा. ती आडनावे आज पूर्ण मराठी आहेत, आणि तसे मानण्यात काही चूक नाही.

आता तुमच्या पाठीवर पाहा. 'दप्तर' हा शब्द फारसी वाटेने आला, आणि फारसीत तो मुळात ग्रीकमधून आला. तेथे त्याचा अर्थ कातडे, ज्यावर लिहीत ते. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत 'दफ्तर' म्हणजे कचेरी, जेथे वडील जातात. मराठीत दप्तर मुलांच्या पाठीवर आहे. 'रजा' हिंदी-उर्दूत संमती, मराठीत सुट्टी. शब्द एकच, पण प्रत्येक घरी त्याने वेगळे काम धरले. शाळेतली हजेरी, शाई, कागद, शिपाई, मैदान, दरवाजा हे सारे त्याच वाटेचे प्रवासी. अरबी शब्द फारसीच्या हाताने आले. 'बागायत' पाहा : बाग फारसी, 'आत' हा अरबी अनेकवचनाचा प्रत्यय, आणि आत माड-पोफळी आपल्या.

डिचोलीच्या मुलांना 'नमाजगा' ठाऊक आहे. नमाज आणि गाह, दोन्ही शब्द फारसी. ही वास्तू परंपरेने औरंगजेबाचा बंडखोर मुलगा शहाजादा अकबर याच्या नावाशी जोडतात. इ.स. १६८३ च्या सुमारास तो संभाजीराजांच्या आश्रयाने याच भागात होता. बापाशी जमले नाही. इ.स. १६८७ मध्ये राजापूर बंदरातून जहाजाने निघून तो इराणच्या शहाकडे इस्फहानला पोहोचला. परत आलाच नाही, इराणमध्येच वारला. यूसुफ त्या देशातून इकडे आला, अकबर इकडून तिकडे गेला.

पालकांसाठी मुद्दा यापुढचा आहे. गोवा मुक्त होऊन इतकी वर्षे झाली तरी आपला दाखला 'मामलेदार' देतो. मामला आणि दार, म्हणजे व्यवहार सांभाळणारा. जमिनीच्या कागदांत 'इनाम', 'सनद', 'मोकासो' हे शब्द येतात. मोकासा म्हणजे चाकरीबद्दल राजाने तोडून दिलेला गाव. सत्तरीतल्या मोकासो जमिनींचा प्रश्न कितीतरी कुटुंबांच्या घराशी आणि बागायतीशी जोडलेला आहे. पोर्तुगीजांचा 'आल्वारा' हा शब्दही मूळ अरबीच. हे शब्द ज्याला समजत नाहीत, त्याला स्वतःच्याच घराचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, आणि वाचणारा काय सांगेल ते खरे मानावे लागते. आपल्या अनेक घरांत मोडीतले कागद पेटीच्या तळाशी आहेत. काही वाळवीने खाल्ले. काही घर दुरुस्त करताना पालापाचोळ्याबरोबर जाळले जातात, कारण "कोणाला वाचता येत नाही".

म्हणून आठवी व नववीच्या विद्यार्थ्यांना दिवाळीच्या सुट्टीसाठी एक काम देत आहे. घरातील वडीलधाऱ्यांच्या परवानगीने जुना एखादा कागद पाहावा. मूळ कागद शाळेत आणू नये, छायाप्रत आणावी. घडी उघडताना ओला हात लावू नये, फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये. बाळबोध लिपीतला कागद असेल तर त्यातील अरबी-फारसी वाटणारे दहा शब्द वहीत उतरवून आजीला किंवा आजोबांना त्यांचा अर्थ विचारावा. मोडी असेल तर तसे लिहावे. मोडी वाचणाऱ्या एखाद्या जाणकाराला सुट्टीनंतर शाळेत बोलावण्याचा विचार आहे. आणि विश्वस्त मंडळाला विनंती की, छायाप्रती ठेवण्यासाठी ग्रंथालयात एक लोखंडी कपाट द्यावे. लाकडी नको, पावसाळ्यात त्याचे काय होते ते मंडळाला माहीत आहे.