पडद्यावरचं सोनं

राहायला गिरगावात, कामाला झवेरी बाजारात. हुद्दा कॅड डिझायनर. दिवसभर राइनो सॉफ्टवेअरमध्ये दागिने काढतो. ते प्रिंटरमधून मेणात उतरतात, कास्टिंगला जातात आणि काउंटरवर पोचतात. सोन्याला माझा हात क्वचितच लागतो. या लायनीत नव्याने येणाऱ्या पोरांसाठी थोडंसं.

१. पडद्यावर वजन दिसत नाही, बिलावर दिसतं. मेणाच्या वजनाला साधारण पंधराने गुणलं की १८ कॅरेटचं वजन निघतं. २२ कॅरेटला त्याहून जास्त. भाव चढला की शेठ म्हणतो, "दिसायला तेच ठेव, वजन उतरव." मग मागून पोखरायचं. पण जाडी अर्ध्या मिलिमीटरखाली गेली की कास्टिंग नीट भरत नाही, आणि भरलंच तर पॉलिशवाला आणखी घासणार. तेवढी घट आधीच धरून ठेवा.

२. झूमवर भुलू नका. परातीएवढ्या दिसणाऱ्या अंगठीवरची नाजूक पाकळी बफखाली सपाट होते. खऱ्या मापाची प्रिंट काढून बोटावर धरून बघा.

३. खडे बसवणाऱ्या सेटरकडे जाऊन बसा. इथे बरेचसे कारागीर बंगाली, बोलणं हिंदीत. "तेरे कंप्यूटर में बैठता है, मेरे हाथ में नहीं बैठता," हे एकदा ऐकलं की दोन खड्यांमध्ये हत्यार शिरायला जागा लागते, हे जन्मात विसरत नाही.

४. नथ पूर्ण कॅडमध्ये करू नये, असं माझं ठाम मत. मोती तारेत ओवून, तार वळवून नथ बांधतात. म्हणूनच ती नाकावर जिवंत वाटते. ओतलेली नथ छापील दिसते. लाल खड्याचं कोंदण हवं तर ओतून घ्या, बाकी बांधणाऱ्यावर सोडा. ठुशीचंही तेच, मणी गुंफायचं काम माऊसचं नव्हे.

५. हॉलमार्कला जागा ठेवा. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांच्या एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा माल विकता येत नाही (दोन ग्रॅमच्या आतल्याला सूट). नक्षीच्या नादात तो कोरणाऱ्या लेसरला गुळगुळीत जागाच उरत नाही.

६. पैशाचं आधी बोला. या बाजारात कारखान्याच्या फरशीवरची धूळसुद्धा झारेकरी विकत घेतात, धुऊन त्यातलं सोनं काढतात. तिथे "नुसता माऊस हलवायचे एवढे?" हे ऐकावंच लागतं. दर फाइलवर ठरवा, बदल किती वेळा फुकट तेही ठरवा. मंजुरीला फक्त फोटो पाठवा. फाइल एकदा व्हॉट्सॲपवर गेली की महिन्याभरात तीच डिझाइन समोरच्या काचेत.